पलीकडचा फूटपाथ

समोरून येणाऱ्या बाईनं रस्ता ओलांडला नाही. झालं ते एवढंच. मी कामावरून परतत होते, ऊन कललं होतं, फूटपाथ अरुंद आणि एका अंगाला कुणाच्या तरी बागेची उंच भिंत. ती तरुण बाई बाबागाडी ढकलत सरळ माझ्या दिशेनं आली. मी सवयीनं भिंतीला चिकटले, उजवी मूठ आवळून मांडीशी धरली आणि वाट बघत उभी राहिले. आता ती माझ्याकडे बघेल, मग माझ्या हाताच्या खाली बघेल, मग तिचा चेहरा दार लावून घेतल्यासारखा मिटेल आणि गाडीचं पुढचं चाक रस्त्यावर उतरेल. तसं काही झालं नाही. ती जवळ आली, हसली, ‘थँक्यू हं’ म्हणाली. मी तिच्यासाठीच बाजूला झाले असं तिला वाटलं असावं. गाडीतलं पोर तोंडात अंगठा घालून मान वळवून माझ्याकडे बघत राहिलं, आणि तिच्या साबणाचा वास दोन पावलं मागे रेंगाळला. मी तशीच भिंतीला टेकून उभी. मूठ उघडून बघितली. आत काही नव्हतं, फक्त बोटांच्या मुळाशी पट्ट्यानं पडलेला घट्टा होता, आणि तोही आता मऊ पडायला लागला होता. किती वर्षांनी एक अनोळखी माणूस माझ्या इतक्या जवळून गेलं होतं! आनंद व्हायला हवा होता. मला मात्र कुणीतरी घरात शिरून सामान हलवून गेल्यासारखं वाटलं.

ठकीला जाऊन महिना होत आला होता. ठकी माझी कुत्री. पिटबुल जातीची. हा शब्द उच्चारला की माणसांचा आवाज आपोआप खाली येतो, जणू ती ऐकेल. ती पांढरी होती, पाठीवर एक तांबूस ठिगळ, छाती पिंपासारखी आणि डोकं अंगाच्या मानानं फार मोठं. कान कुणीतरी लहानपणीच कापलेले, तेही वेडेवाकडे, त्यामुळे तिचा चेहरा कायम काहीतरी ऐकायचं राहून गेल्यासारखा दिसायचा. तिला घेऊन मी दुकानाबाहेर रांगेत उभी राहिले की थोड्या वेळानं रांगच उरत नसे. ‘तुमचं बरं आहे,’ दुकानदार आतूनच म्हणायचा, ‘तुमचा नंबर नेहमी पहिला.’ मीही हसायचे. हसण्यावारी नेण्याशिवाय दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. तिला मुसकी बांधलेली असायची, पट्टा आखूड धरलेला असायचा, तरी माणसं पलीकडे जायची. आणि ठकीला हे कधीच कळलं नाही. समोरून कुणी आलं की तिची शेपटी हलू लागायची, आणि तो माणूस रस्ता ओलांडून गेला तरी थोडा वेळ हलतच राहायची.

त्या दिवशी घरी येऊन चपला काढतेय तोच धाकटीचा फोन आला. धाकटी म्हणजे माझी बहीण. इकडचं तिकडचं बोलून झालं, आणि मग मध्येच ती थांबली. ‘ताई,’ ती म्हणाली, ‘आम्ही येऊ का आता? सुट्टीच्या दिवशी? मी आणि चिमणी?’ ‘ये की,’ मी म्हटलं, ‘विचारतेस काय?’ फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात उभी राहून तो ‘आता’ मनात घोळवत राहिले. तिनं तो अगदी हलक्या हातानं ठेवला होता, लागू नये म्हणून. पण लागला. माझी सख्खी बहीण नऊ वर्षांनी माझ्या घरी येणार होती, मला तिची भूक होती, आणि ती येणार होती कारण ठकी मेली होती. या दोन गोष्टी एकाच ताटात वाढल्यासारख्या समोर आल्या. एक घ्यायची तर दुसरी घ्यावीच लागणार होती.

मी कवळ्या बनवते. डॉक्टरांकडून तोंडांचे ठसे येतात, त्यात प्लास्टर ओतायचं, मेणाच्या पट्टीवर एकेक दात बसवायचा, वरचा जबडा खालच्यावर नीट मिटतो का ते बघायचं. दिवसभर माझ्यासमोर टेबलावर तोंडं मांडलेली असतात, माणसांशिवायची. लग्न झालं नाही, म्हणजे राहूनच गेलं. मी आणि आई दोघीच राहायचो. मी दिवसभर बाहेर, आई दुपारभर एकटी. म्हणून तिला सोबत एक कुत्रं आणायचं ठरलं. छोटं, पांढरं, मांडीत मावेल असं. आईची एकच अट होती. ‘मला ओढत नेणारं नको,’ ती म्हणाली. ‘मला न्यायचं असेल तर यमानं न्यावं, ते त्याचं काम आहे.’ शहराच्या टोकाला टाकून दिलेल्या कुत्र्यांचा एक निवारा होता, तिथं गेले. आत पाऊल टाकताच सगळी कुत्री जाळीवर झेपावून भुंकायला लागली. कुणी गोल फिरत होतं, कुणी पंजे वाजवत होतं. एकच कुत्री माझ्याकडे पाठ करून भिंतीकडे बघत बसली होती. निवारा चालवणाऱ्या बाई माझ्या कोपराला धरून पुढे नेऊ लागल्या. ‘हिच्यासमोर थांबू नका,’ त्या म्हणाल्या. ‘दोन घरांतून परत आलीय.’ ‘काय केलं हिनं?’ ‘काही नाही केलं. जात कळली.’ तेवढ्यात त्या कुत्रीनं मान वळवली आणि जांभई दिली. दात म्हणजे माझा रोजचा धंदा, त्यामुळे नजर आधी तिथंच गेली. सुळे झिजून बुंधे उरले होते, पुढचे दात तर जवळजवळ हिरडीला टेकले होते. वर्षानुवर्षं साखळी चावल्याशिवाय दात असे झिजत नाहीत. मी थांबले. ती उठली, फार घाई न करता जाळीपाशी आली, आणि भुंकली नाही, हुंगलं नाही, नुसती माझ्या गुडघ्याच्या उंचीवर जाळीला अंग लावून टेकली. जाळी माझ्याकडे वाकली. दिवसभराच्या कामानंतर माणूस भिंतीला टेकतं तसं ते टेकणं होतं. माझ्या अंगावर असं कुणी कधी टेकलं नव्हतं.

धाकटीला मूल फार उशिरा झालं. डॉक्टर, औषधं, आशा, निराशा, पुन्हा नवे डॉक्टर, असं करता करता तिचं तारुण्य दवाखान्यांच्या बाकांवर गेलं आणि मग चिमणी झाली. ठकीला आणून आठवडाही झाला नव्हता. धाकटी बाळाला घेऊन आईला भेटायला आली. मी तिला फोनवर सांगितलं होतं की कुत्री आणलीय. कोणती ते सांगितलं नव्हतं, कारण मला स्वतःला तो शब्द अजून जिभेवर घेता येत नव्हता. ती दारातून आत आली, बाळ खांद्यावर, बाळाचा एक पाय मोजा घातलेला, खाली लोंबणारा. आणि आतल्या खोलीतून ठकी आली. तिनं त्या पायाचा वास घेतला. तेवढंच. धाकटी जागच्या जागी थिजली. तिचे ओठ पांढरे पडले आणि ती अगदी हळू, जवळजवळ श्वासावर म्हणत राहिली, ‘ताई, हिला घे. ताई, घे. घे ना.’ मी ठकीला आत नेलं, दार लावलं. बाहेर आले तेव्हा धाकटी जिन्यावर पोचली होती. ‘ती इथं आहे तोवर मी या घरात पाय ठेवणार नाही,’ ती म्हणाली. ‘अगं, पण तिनं केलं काय?’ ‘काही नाही केलं. करेपर्यंत थांबू का मी?’ आणि ती भराभर खाली उतरली, एक हात कठड्यावर, दुसरा बाळाच्या डोक्यावर. ठकी भली होती हे मला पुढे कळलं. त्या दिवशी ते मलाही ठाऊक नव्हतं.

आई अर्थातच धाकटीच्या बाजूची. ‘सख्खी बहीण एकीकडे आणि हे चार पायांचं एकीकडे! डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?’ मी म्हटलं, सोमवारी परत देऊन येते. सोमवारी आई म्हणाली, आज गारठा फार आहे, मुकं जनावर आहे, उद्या ने. दुसऱ्या दिवशी आईचा गुडघा दुखत होता आणि मी घरात थांबायला हवं होतं. तिसऱ्या दिवशी कामावरून आले तर आई खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेली, आणि त्याच दुखऱ्या गुडघ्यावर ते मोठ्ठं डोकं. ‘शेक बरा बसतो,’ आई माझ्याकडे न बघता म्हणाली. ‘हिला नाव काय ठेवलंय?’ ठेवलं नव्हतं. ‘डोकं बघ केवढं! लाकडी ठकीसारखं. आम्ही लहानपणी खेळायचो ना, तसली. अंग एवढंसं आणि डोकं भोपळ्याएवढं.’ झालं. परत द्यायची गोष्ट त्या घरात पुन्हा निघाली नाही. आता वाटतं, आम्ही दोघींनी ते ठरवलंच नव्हतं. आम्ही रोज एकेक दिवस पुढे ढकलत गेलो, आणि त्या ढकललेल्या दिवसांचंच आयुष्य झालं. सकाळी उजाडताना खिडकीकडून आईचं बोलणं ऐकू यायचं: ‘सरक, बाई, सरक. खुर्ची माझ्या नवऱ्यानं केलीय, तुझ्या नव्हे.’ मग खुर्चीचा कुरकुर आवाज, आणि दीर्घ निःश्वास. तो आईचा की ठकीचा, हे शेवटपर्यंत मला ओळखता आलं नाही.

धाकटीनं बोललेलं पाळलं. पण तिनं मला तोडलं नाही, हे सांगायला हवं. मी तिच्याकडे जायचे, चिमणीला खेळवायचे. तरी ते पाहुण्यासारखं. घड्याळाकडे बघत, कारण घरी आई आणि ठकी. मग चिमणी चालायला लागली तेव्हा एक विचित्र गोष्ट सुरू झाली. एका रविवारी सकाळी मी ठकीला घेऊन निघाले होते आणि मोठ्या रस्त्याच्या पलीकडच्या फूटपाथवर धाकटी, चिमणीचं बोट धरून. आम्ही दोघी थांबलो. मध्ये गाड्या. तिनं हात केला, मी हात केला. मग तिनं पिशवीतून फोन काढला आणि माझा वाजला. ‘किती वाळलीस गं,’ ती म्हणाली. ‘तूच लांबून बघतेयस,’ मी म्हटलं. आणि आम्ही चालायला लागलो, ती त्या फूटपाथवरून, मी या, तोंडानं फोनवर बोलत आणि डोळ्यांनी गाड्यांच्या फटींतून एकमेकींना बघत. पुढे तो रविवारचा नेमच झाला. बागेच्या फाटकापासून टपाल कचेरीच्या कोपऱ्यापर्यंत. सासू काय म्हणाली, आईनं औषध घेतलं का, चिमणीला दात कुठला आला, सगळं त्या रस्त्यावरून आरपार जायचं. मध्ये मोठी गाडी आली की धाकटी नाहीशी व्हायची, नुसता आवाज कानात. आणि गाडी गेली की पुन्हा दिसायची, तोंड हलत असलेली. एकदा आम्ही दोघी एकाच वेळी इतक्या हसलो की दोन्हीकडे फूटपाथवर बसलो. चिमणी तिकडून ओरडायची, ‘मावशीची वाघीण! मावशीची वाघीण!’ आणि इकडे ठकी मुसकीतल्या मुसकीत अंग वाकडं करून नाचायची. मग टपाल कचेरीचा कोपरा यायचा. ‘चल, ठेवते,’ ती म्हणायची. एवढा जवळचा निरोप आणि एवढ्या लांबून! बहिणीचं सगळ्यात जास्त बोलणं मी त्या वर्षांत ऐकलं. समोरासमोर बसून आम्ही कधी इतकं बोललो नव्हतो.

मला भीती कधी वाटली नाही असं नाही. एकदा जिन्यात मीटर बघायला आलेल्या माणसावर ठकी गुरगुरली. त्याआधी तिचा तसला आवाज मी ऐकला नव्हता. तो घशातून नव्हे, कुठून तरी जमिनीखालून आल्यासारखा वाटला. पट्टा हातात ताठ झाला आणि माझ्या हाताला तिच्या मानेतली ताकद कळली, एरवी कधी न वापरलेली, पण शाबूत. तो माणूस भिंतीला लागून उभा, चेहऱ्याचा रंग उडालेला. मी तिला ओढत वर नेलं. का गुरगुरली? त्याच्या हातातला साखळीला लावलेला किल्ल्यांचा जुडगा असेल, त्याचे बूट असतील, वास असेल. काही नसेलही. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि तिच्या डोळ्यांत बघितलं. ती नेहमीसारखीच माझ्या खांद्याला टेकली. तिच्या आत एक खोली होती, तिथं मी कधीच गेले नव्हते आणि जाणार नव्हते. ही गोष्ट मी धाकटीला सांगितली नाही, आईलाही नाही. पण त्या दिवसानंतर माझं प्रेम कमी झालं असं नाही. ते जरा शहाणं झालं. मुसकी बांधताना मी तिची माफी मागणं बंद केलं.

आईचं शेवटचं दुखणं दवाखान्यात गेलं. आम्ही बहिणी आलटून पालटून तिच्यापाशी बसायचो, आणि पाळी बदलताना थोडा वेळ दोघी एकत्र. बऱ्याच वर्षांनी आईसोबत एका छताखाली, एका फूटपाथवर म्हणा. एका दुपारी आई डोळे मिटून पडली होती. धाकटी तिच्या पायांना तेल चोळत होती, मी खिडकीशी. आईनं डोळे उघडले, आधी धाकटीकडे बघितलं, मग माझ्याकडे आणि स्वच्छ आवाजात विचारलं, ‘ठकीनं खाल्लं का?’ ‘खाल्लं,’ मी म्हटलं. ‘सगळं?’ ‘सगळं.’ आईनं समाधानानं डोळे मिटले. धाकटीचे हात थांबले. तिनं तेलाच्या बाटलीचं झाकण नीट लावलं, हात पुसले आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिली. चिमणीबद्दल आईनं त्या आठवड्यात एकदाही विचारलं नव्हतं. मी मागोमाग जायला हवं होतं की नको, ठरेना. काचेतून तिची पाठ दिसत होती, मान खाली, लहानपणी रुसल्यावर उभी राहायची तश्शी. आई त्यानंतर फार बोलली नाही. आणि आई गेल्यावरही आमचे रविवार चालू राहिले, पण त्या एका वाक्याबद्दल आम्ही दोघी कधी बोललो नाही. ते रस्त्याच्या मधोमध पडून राहिलं आणि त्याच्यावरून गाड्या जात राहिल्या.

ठकी म्हातारी झाली ती आई गेल्यावर, एकदम. जिना चढताना मध्येच थांबायची आणि मी काहीतरी विसरल्यासारखं करून थांबायचे, म्हणजे तिला ओशाळं वाटू नये. पोटात गाठ निघाली. जनावरांचे डॉक्टर घरी आले, दुपारच्या वेळी. ऊन खिडकीतून तिच्या पाठीवरच्या तांबूस ठिगळावर पडलेलं. ‘आजीबाई, दमलात ना?’ ते तिला म्हणाले, आणि ती त्यांच्याकडे न बघता माझ्या पावलांवर डोकं ठेवून पडून राहिली. ते डोकं पहिल्यापासून जड होतं. नंतर ते आणखी जड झालं, आणि मी पाय हलवले नाहीत. डॉक्टर सामान आवरून गेले तरी नाही. जिन्यातले शेजारी दुसऱ्या दिवशी भेटले. ‘सुटली बिचारी,’ ते म्हणाले, आणि जरा थांबून, ‘तुम्हीही सुटलात.’ वाईट मनानं नाही म्हणाले. घरात येऊन मी ते वाक्य उलटंसुलटं करून बघितलं, पण ते कुठल्याच बाजूनं मला बसेना.

सुट्टीच्या दिवशी सकाळपासून मी घर आवरत होते. जाजम धुतलं, खुर्च्यांच्या गाद्यांचे अभ्रे धुतले, ठकीचं अंथरूण माळ्यावर टाकलं. पाण्याचं भांडंही उचललं, मग परत खाली ठेवलं, मग पुन्हा उचललं. आपण पुरावा लपवतोय असं वाटलं आणि स्वतःचा राग आला. शेवटी भांडं होतं तिथंच ठेवलं, पाणी भरून. धाकटी आली. दार उघडलं तर ती उंबऱ्याबाहेरच उभी, काळी लोकरी शाल घट्ट लपेटलेली, नजर माझ्या पाठीमागे आतल्या खोलीच्या दाराकडे. नऊ वर्षांपूर्वीही तिथूनच ठकी आली होती. ‘कुणी नाही आत,’ मी म्हटलं. ती लाजली. चिमणी मात्र तिच्या हाताखालून आत शिरली, आता माझ्या खांद्याला लागेल इतकी झालेली. ‘मावशी, ती कुठं झोपायची?’ मी दाखवलं. ‘आणि दिवसा?’ आजीच्या खुर्चीपाशी. चिमणी गुडघ्यांवर बसून खुर्चीचे पाय निरखायला लागली. ‘अय्या, हे कुणी कुरतडलं?’ ‘कोण कुरतडणार? दात नव्हते तिला, तरी हौस दांडगी.’ चिमणीनं त्या खाचांवरून बोट फिरवलं, लिहिलेलं वाचावं तसं.

धाकटी आईच्या खोलीत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही म्हणून मी चहा घेऊन गेले. ती पलंगाच्या कडेला बसली होती, उशीवर हात ठेवून. भिंतीचा रंग बदललेला, पडदे बदललेले. आईची शेवटची वर्षं ज्या खोलीत गेली ती खोली तिनं नऊ वर्षांत पहिल्यांदाच बघितली होती. ‘तू तिला निवडलंस, ताई,’ ती म्हणाली. आवाज चढवला नाही. ‘हो,’ मी म्हटलं. ‘माझ्याऐवजी.’ ‘तुझ्याऐवजी नाही गं. तुला नवरा होता, चिमणी होती, आई होती, मी होते. तिला कोण होतं?’ ‘आई?’ धाकटी हसली, पण ते हसणं नव्हतं. ‘आई तर तिचीच होती शेवटी. ठकीनं खाल्लं का! माझ्या हातात तिचे पाय होते, ताई. पाय चोळत होते मी तिचे.’ चहाचे कप माझ्या हातात तसेच. मला एक दुपार आठवली, तिला कधी न सांगितलेली. सांगावी की नाही असं वाटलं, कारण सांत्वन म्हणून सांगितलेल्या गोष्टीला एक बनावट वास येतो. पण ती घडली होती. ‘एकदा मला ताप होता,’ मी म्हटलं, ‘म्हणून कामावरून लवकर आले. दार उघडलं तर आईचा आवाज. मला वाटलं तू आलीस की काय. आई ठकीला सांगत होती. चिमणीला आज शाळेत पहिला नंबर मिळाला, धाकटी लहानपणी अश्शीच होती, हट्टी पण डोक्यानं तल्लख, तिच्या हातची भाकरी माझ्यापेक्षा पातळ होते, पण तिला सांगू नकोस. तासभर. मी दारातच उभी राहिले. रोज दुपारी हेच चालायचं. तू फोनवर जे सांगायचीस ते सगळं.’ ‘कुत्रीला?’ ‘दुसरं होतं कोण ऐकायला, दुपारचं?’ धाकटी माझ्याकडे बघत राहिली. ‘तिला सांगू नकोस, असं म्हणाली?’ ‘ठकीला बजावून.’ ‘आणि ठकीनं नाही सांगितलं.’ ‘पोटात ठेवलं तिनं.’ मग तिला खरंच हसू फुटलं, आणि हसता हसता ते फुटून रडणं झालं. मी कप खाली ठेवून तिच्या शेजारी बसले. ती माझ्यावर टेकली, सगळा भार टाकून. मी हलले नाही.

नंतर तिनं विचारलं, ‘चावली असती का गं ती? खरं सांग.’ ‘माहीत नाही,’ मी म्हटलं. ‘नाही चावली, एवढंच माहीत आहे.’ तिनं मान हलवली. मी ठाम ‘नाही’ म्हटलं असतं तर तिनं ते मानलं नसतं. हे तिला मानता आलं. ‘मी तेव्हा जे केलं तेच पुन्हा करेन,’ ती म्हणाली. ‘मीही,’ मी म्हटलं. आणि आम्ही गार झालेला चहा प्यायलो. चिमणी बाहेरच्या खोलीत खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती. आजीची म्हणून की ठकीची म्हणून, विचारलं नाही.

संध्याकाळ व्हायच्या आत त्या निघाल्या. मी गच्चीच्या कठड्याशी जाऊन खाली बघत उभी राहिले. दोघी फाटकातून बाहेर पडल्या, चार पावलं गेल्या आणि धाकटी थांबली. तिनं शाल अंगावरून काढली, उजेडात धरली, झटकली. पुन्हा धरली, पुन्हा झटकली. मग नखांनी काहीतरी वेचायला लागली. चिमणीही डोकं घालून वेचू लागली. धाकटीनं वर बघितलं. ‘ताई!’ ती भर रस्त्यातून ओरडली. ‘अगं, केस! पांढरे केस! सगळी शाल भरलीय! खुर्चीत बसले नाही, कशात नाही, आले कुठून?’ येणारे-जाणारे वळून बघत होते. ‘असतात!’ मी वरून ओरडले. ‘सुईसारखे रुतलेत गं! निघत नाहीत!’ ‘नाहीच निघत!’ ‘मग काय करू?’ मी काही बोलायच्या आतच तिनं हातातल्या शालीकडे एकदा बघितलं, खांदे उडवले आणि ती तशीच अंगाभोवती लपेटून घेतली, नीट, गळ्यापर्यंत.